दिव्याचा हप्ता
(विहाराच्या वर्धापन दिनी उंब्रज येथे केलेले भाषण)



आम्हांस दोन शब्द बोलण्यास सांगण्यात आले, विषय मात्र आम्हीच निवडला. सौर दिव्यांचा धंदा करणाऱ्या एका माणसाचा. कोणी म्हणेल, विहारात धंद्याची गोष्ट कशाला? तर १९४३ साली मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी विजेच्या धोरण समितीपुढे वीज भरपूर आणि स्वस्त मिळाली पाहिजे, असा आग्रह धरला होता. तेव्हा विषय आपल्या घरातलाच आहे.

पन्नाशीपुढच्यांनी रॉकेलची रांग पाहिली आहे. चिमणीच्या काजळीने नाक काळं करून आम्ही अभ्यास केला. पुढे वस्तीत एक सौर दिवा आला. नारळ फुटला, फोटो निघाले. दोन वर्षांत बॅटरी बसली आणि बसवणारे पुन्हा फिरकले नाहीत. त्या खांबाला आता धुण्याची दोरी बांधतात! सोलर म्हटलं की आपली मंडळी हसतात ती त्यामुळं. आम्हीही हसत होतो.

आपल्या फाट्यावरचा हायवे बेळगाव, धारवाड करत बंगळूरला जातो. तिथं १९९५ साली हरीश हांडे यांनी नेव्हिल विल्यम्स यांच्यासोबत 'सेल्को' ही कंपनी काढली. हांडे मूळचे उडुपीकडचे, वाढले राउरकेल्यात, शिकले खरगपूरच्या आयआयटीत आणि पुढं अमेरिकेत. डॉमिनिकन रिपब्लिक या देशात त्यांनी पाहिलं, की गरीब माणसं स्वतःचे पैसे भरून सौर दिवा वापरतात. तिथून त्यांची दिशाच बदलली.

पण एकरकमी पैसा गरिबाकडे कुठला? आणि दिव्यासाठी कर्ज ही कल्पनाच बँकांना नवी. धारवाडची मलप्रभा ग्रामीण बँक पुढं आली आणि हप्त्यावर दिवे लागू लागले. मग हांड्यांना एका फेरीवाल्या बाईनं शिकवलं. महिन्याला तीनशे रुपये तिला जड वाटत होते, रोजचे दहा चालणार होते. आता हिशेब करा, रक्कम तीच! पण जिची कमाई रोजची, तिला महिन्याचा हप्ता सोसत नाही. हे आमच्या आयांना ठाऊक होतं, इंजिनिअरला मात्र पुस्तकात सापडलं नव्हतं. पुढं फेरीवाल्यांसाठी अशी सोय झाली, की एकानं दिवसा बॅटऱ्या चार्ज करायच्या, तिन्हीसांजेला गाड्यावर पोचवायच्या आणि रोजचं भाडं घ्यायचं. त्या एकाच्या कर्जाला कंपनी जामीन राहिली. बाळंतपण करणाऱ्या सुइणी, पहाटे फुलं तोडणाऱ्या बाया यांच्यासाठी डोक्यावर बांधायचे दिवे केले.

सगळं गोड नव्हतं, बरं का. २००४ नंतर जर्मनीत पॅनेलची मागणी वाढली, भाव चढले आणि कंपनी तोट्यात गेली. बुडता बुडता वाचली. २०११ साली हांड्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी जळगाव जिल्ह्यातल्या बहादरपूरच्या नीलिमा मिश्रा यांनाही मिळाला. बायांच्या बचत गटांचं काम त्यांचं. आपल्या वस्तीतल्या गटांनी ही दोन नावं शेजारी-शेजारी लिहून ठेवावीत.

आम्हांला यात महत्त्वाचं वाटतं ते दुरुस्तीचं. दिवा विकून ते निघून गेले नाहीत, जवळ शाखा काढून तिथलीच पोरं कामाला घेतली. आपल्या खांबाला तेच मिळालं नाही.

२०२४ साली सुरू झालेल्या सूर्यघर योजनेत १ किलोवॅटला ३० हजार, तर ३ किलोवॅटला ७८ हजार रुपये अनुदान ठरलं. छप्पर मात्र स्वतःचं लागतं, आणि आपल्यातल्या कित्येकांचं घर अजून आजोबांच्याच नावावर आहे. म्हणून येत्या रविवारी सकाळी विहारात बसायचं ठरवलं आहे. येताना लाईटबिल आणि घराचा उतारा आणावा. आयटीआय झालेल्या मुलांनी पक्कड-टेस्टर घेऊन यावं. आधी तो खांब उघडून बघू.