बातमी वाघाची आणि कहाणी जंगलाची



दुर्मिळ होत चाललेल्या वन्यप्राण्यांच्या रक्षणाची कहाणी वृत्तपत्रांनी, नभोवाणीने आणि आता प्रत्येकाच्या खिशातल्या फोनने कशी सांगावी, हा आजचा विषय. त्यासाठी आपल्याला दूर जाण्याचे कारण नाही. साताऱ्याकडचे कोयना अभयारण्य आणि सांगलीकडचे चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला.

प्रकल्प झाला खरा, पण त्यात वाघाचे छायाचित्र मिळायला २०१८ साल उजाडले. वाघ दिसत नाही तर प्रकल्प कशाला, असे विचारणे त्या आठ वर्षांत फार सोपे होते. वनरक्षक मात्र ठसे मोजीत होते, विष्ठा गोळा करीत होते, सांबर-भेकरांवर नजर ठेवीत होते. वाघाला भक्ष्य हवे, भक्ष्याला गवत हवे आणि गवताला निवांतपणा हवा. २०२५ च्या नोव्हेंबरात ताडोब्याकडची एक वाघीण चांदोलीत आणली गेली. अशा वेळी बातमी वाघिणीची होते. गवताची होत नाही. आणि हा निवांतपणा आला कोठून? गावे उठली म्हणून आला! काही धरणांनी उठवली, काही अभयारण्याने. उठलेल्यांची हकीकत वगळून जंगलाची कहाणी सांगणे मला अप्रामाणिक वाटते.

आपल्या माडगूळचे व्यंकटेश माडगूळकर यांनी पुण्याच्या आकाशवाणीत अनेक वर्षे नोकरी केली. त्यांच्या ‘सत्तांतर’ला १९८३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. ती वानरांच्या टोळीची कथा आहे. वानराला आपण दगड मारतो. त्यांनी त्याच्याकडे शांतपणे पाहिले.

आता बिबट्याकडे येऊ. त्याच्यापासून धोकाच नाही, असे लिहिणाऱ्याने ज्याच्या गोठ्यातले वासरू गेले त्याच्यापुढे ते एकदा वाचून दाखवावे. पण बिबट्या नुसता बांधावर दिसला तरी ‘धुमाकूळ’ हा शब्द मथळ्यात बसतो, आणि संध्याकाळपर्यंत माणसे काठ्या घेऊन निघतात. ऊसतोडीत फडात पिल्ले सापडतात. मादी जवळपासच असते. वनखात्याची माणसे पिल्ले खोक्यात घालून त्याच जागी ठेवतात आणि दूर सरतात. पुष्कळदा रात्री आई येऊन एकेक पिल्लू तोंडात धरून नेते. मात्र भोवती गर्दी असली, दिवे चमकले, पिल्लांना हातात घेऊन छायाचित्रे निघू लागली, की ती येत नाही. मग त्या पिल्लांच्या वाट्याला बहुधा पिंजराच येतो. येथे बातमी सांगणाराच कहाणीत शिरतो आणि तिचा शेवट बदलतो.

आपल्या जिल्ह्यांतील संपादकांना आणि फोन बाळगणाऱ्या तरुणांना माझी विनंती लहानशी आहे. पिल्लांची बातमी एक रात्र थांबवा, आणि सांगताना फडाचे ठिकाण सांगू नका. सकाळी खोके रिकामे सापडले, तर ते सावकाश लिहा.