शालेय संवाद : शिक्षक व मुख्याध्यापकांचे आवश्यक कौशल्य



शाळेचे मूल्यमापन करताना इमारत, पटसंख्या व निकाल यांचा हिशेब प्रथम मांडला जातो. शिक्षक मुलाशी कसे बोलतात, मुख्याध्यापक सहकाऱ्यांचे ऐकून घेतात काय, या बाबी मात्र ज्याच्या त्याच्या स्वभावावर सोडल्या जातात. वस्तुतः परस्परसंवाद हे शिकता येणारे व्यावसायिक कौशल्य असून शिक्षण हक्काची अंमलबजावणी बऱ्याच अंशी त्यावर अवलंबून आहे.

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याच्या कलम १७ नुसार शारीरिक शिक्षेबरोबरच मानसिक छळासही मनाई आहे. कलम २१ अन्वये विनाअनुदानित शाळा वगळता इतर शाळांत व्यवस्थापन समिती असते. तिचे किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक, तर एकूण सदस्यांपैकी ५० टक्के महिला असाव्या लागतात. पालकांच्या नियमित बैठका घेऊन मुलाची उपस्थिती व प्रगती त्यांना सांगणे, हे कलम २४ नुसार शिक्षकांचे कर्तव्य होय.

तथापि, कायद्याने बैठक भरते. विश्वास मात्र संवादानेच निर्माण होतो. वीटभट्टीवर गेलेल्या कुटुंबातील मूल दोन महिन्यांनी वर्गात परतते. “इतके दिवस कुठे होतास?” असे सर्वांदेखत दरडावल्यास ते मागच्या बाकावर जाते व पुढे शाळाच सोडण्याचा धोका उद्भवतो. त्याला जवळ बसवून कोणता भाग राहून गेला हे विचारल्यास त्याच प्रश्नातून अध्यापनाची दिशा मिळते. समितीतील निरक्षर मातेचा केवळ अंगठा घेतल्यास नियमाची पूर्तता होते, हेतूची नव्हे. अनुदानाचा खर्च तिच्या बोलीत समजावला, तिचे मत विचारले, तर मुली गैरहजर का राहतात याचे कारण तीच सांगू शकते.

मुख्याध्यापकांची जबाबदारी याहून व्यापक आहे. पाठ निरीक्षणानंतर केवळ उणिवा नोंदविल्यास शिक्षक बचावाचा पवित्रा घेतात. आधी त्यांची अडचण ऐकावी, जमलेली गोष्ट नेमकी सांगावी आणि सुधारणा एकांतात सुचवावी. वादाच्या प्रसंगी दोन्ही बाजू ऐकून निर्णयाची कारणेही द्यावीत.

या दृष्टीने प्रशिक्षणाची व्यवस्था विस्तारत गेली आहे. २०१९ मध्ये सुरू झालेल्या ‘निष्ठा’ कार्यक्रमात प्रारंभिक स्तरावरील सुमारे ४२ लाख शिक्षक व शाळाप्रमुखांच्या प्रशिक्षणाचे उद्दिष्ट ठेवण्यात आले. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने शिक्षक व मुख्याध्यापकांसाठी दरवर्षी किमान ५० तासांचा सातत्यपूर्ण व्यावसायिक विकास अपेक्षिला आहे. हे तास केवळ व्याख्यानांत न जाता प्रत्यक्ष प्रसंगांच्या सरावात जावेत, हे महत्त्वाचे.

अर्थात, रिक्त पदे व अशैक्षणिक कामांचा भार हे प्रश्न गोड बोलण्याने सुटत नाहीत. त्यांसाठी प्रशासनानेच पावले उचलावयास हवीत. तथापि, प्रशासनाची भाषाही शाळेत झिरपते. अधिकारी मुख्याध्यापकांशी ज्या सुरात बोलतात, तो सूर शिक्षकांमार्फत अखेर मुलापर्यंत पोहोचतो. उद्या प्रशासनात प्रवेश करणाऱ्यांनी हे आजच ध्यानी घ्यावे.