अ‍ॅट्रोपिन: किती द्यायचं, कुठं थांबायचं?

रिसेप्टर, अँटॅगोनिस्ट, हाफ-लाइफ हे शब्द आज पाठ करायचे नाहीत. आपल्या वणीच्या कापूसपट्ट्यात लागणाऱ्या एकाच औषधावरून ते समजून घेऊ.

२०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन सुमारे २० शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो भरती झाले. वापरातल्या कीटकनाशकांत मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस ही ऑर्गनोफॉस्फेट गटातली होती. हे विष प्यावंच लागतं असं नाही. ते कातडीतून आणि श्वासातूनही शरीरात जातं. म्हणून कपडे काढून अंग साबणानं धुणं हाही उपचारच, पण हातमोजे घालून.

आता आत काय होतं? नसांच्या टोकाशी अ‍ॅसिटिलकोलीन सुटतं आणि एक एन्झाइम ते लगेच मोडून टाकतं. विष त्या एन्झाइमलाच अडकवतं. मग अ‍ॅसिटिलकोलीन साचतं: लाळ, घाम, जुलाब, बारीक बाहुल्या, मंद नाडी आणि छातीत घरघर.

अ‍ॅट्रोपिन विष नष्ट करत नाही. ते मस्कॅरिनिक रिसेप्टरची जागा अडवून बसतं. यालाच अँटॅगोनिस्ट म्हणतात. अ‍ॅसिटिलकोलीन जितकं जास्त, तितकं अ‍ॅट्रोपिन जास्त लागतं. म्हणून डोस ठरावीक नसतो. डॉक्टर दर ५ मिनिटांनी तो दुप्पट करतात.

हिशेब बघा. ०.६ मिग्रॅचे ३ अँप्यूल, मग ६, १२, २४. पंधरा मिनिटांत ४५ अँप्यूल, म्हणजे २७ मिग्रॅ! ट्रॉलीत दहाच असतील तर? ड्यूटीवर आल्या आल्या साठा मोजायचा तो यासाठी.

थांबायचं कुठं? छाती मोकळी झाली, नाडी ८० च्या वर, रक्तदाबही सावरला की. नुसत्या बाहुल्यांवर विसंबू नका. पुढं एकूण डोसच्या १० ते २० टक्के दर तासाला ड्रिपमधून चालू राहतो, कारण अ‍ॅट्रोपिन काही तासांत उतरतं, विष मात्र टिकतं. पेशंट बरळू लागला, ताप चढला, आतड्यांचा आवाज बंद झाला, तर अ‍ॅट्रोपिन जास्त झालंय; लगेच डॉक्टरांना कळवा.

शेवटचं. स्नायूंवरचे निकोटिनिक रिसेप्टर अ‍ॅट्रोपिनला जुमानत नाहीत. छाती साफ झाली तरी दर फेरीला विचारा, "दादा, उशीवरून मान उचलता का?" नाही उचलली, तर श्वासाचे स्नायूही थकत असतील. डॉक्टरांना हाक मारा, अंबू बॅग जवळ ठेवा.

भेटू पुढच्या भागात.