शस्त्रवैद्यांचा सुतार गुरु

सुताराचं पोर कसं शिकतं, हे आपण गावात पाहतोच. त्याला कोणी धडा घालून देत नाही. रंधा कसा धरायचा, पटाशीवर ठोका किती द्यायचा, हे ते बापाच्या हाताकडे बघत बघत उचलतं. डॉक्टरी ही मात्र पुस्तकातली विद्या, असा आपला समज असतो. शस्त्रवैद्याच्या बाबतीत तो पुरता खरा नाही. हजार पानं पाठ असली तरी पहिला टाका घालताना हात कापतोच; आणि तो कापू नये म्हणून शेजारी कोणीतरी जाणतं उभं असावं लागतं. अमेरिकेतल्या अशा एका जाणत्या माणसाची हकिकत आज सांगणार आहे. तो खरोखरच सुताराचा मुलगा होता. डॉक्टरीची पदवी त्याच्याजवळ नव्हती.

त्याचं नाव व्हिव्हियन थॉमस. जन्म 1910 चा. नॅशव्हिल शहरात बापाच्या हाताखाली सुतारकाम शिकला. कॉलेजात जाऊन डॉक्टर व्हायचं म्हणून पै पै करून पैसे साठवले. तेवढ्यात 1929 ची मंदी आली. सुतारकाम सुटलं, पुढं बँक बुडाली, आणि तिच्यात साठवलेले पैसेही गेले. त्याआधीच, 1930 च्या फेब्रुवारीत, व्हँडरबिल्ट विद्यापीठातले तरुण शस्त्रवैद्य आल्फ्रेड ब्लेलॉक यांच्या प्रयोगशाळेत त्यानं नोकरी धरली होती. काही महिने काढू, मग कॉलेज, असा बेत. ते काही महिने जन्मभर पुरले.

ब्लेलॉक तापट. एकदा चूक झाली तेव्हा त्यांनी या पोराला शिव्या दिल्या. त्यानं सरळ सांगितलं, असं बोलणार असाल तर मी चाललो. ब्लेलॉक यांनी माफी मागितली आणि पुन्हा त्याच्याशी तसं बोलले नाहीत. गुरु-शिष्याच्या नात्याचा हा पाया मला फार मोलाचा वाटतो. पुढं थोड्याच आठवड्यांत थॉमस एकटा शस्त्रक्रिया करू लागला. मात्र पगारपत्रकात त्याची नोंद झाडूवाल्याच्या वर्गात होती. कारण एकच, तो कृष्णवर्णीय होता. आपल्याकडे पाणवठे वेगळे असत, तेव्हा हे आपल्याला जास्त फोडून सांगायला नको.

1941 साली ब्लेलॉक बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात मुख्य शस्त्रवैद्य म्हणून गेले आणि थॉमस यांना बरोबर घेऊन गेले. तिथं रुग्णांच्या खोल्यासुद्धा वर्णाप्रमाणे वेगळ्या. पांढरा डगला घातलेला काळा माणूस व्हरांड्यातून चालला की लोक थबकून बघत.

याच रुग्णालयात हेलन टॉसिग या बालरोगतज्ज्ञ बाई होत्या. त्यांना ऐकू कमी येई, म्हणून मुलांच्या छातीवर बोटं ठेवून त्या हृदयाची गती ओळखत. त्यांच्याकडे निळी पडलेली बाळं येत. त्यांचे ओठ निळे, नखं निळी. चार पावलं टाकली की धाप लागून मूल खाली बसे. हृदयातून फुफ्फुसाकडे जाणारी वाट जन्मतःच अरुंद, म्हणून फुफ्फुसांत रक्त पुरेसं जात नाही आणि शुद्ध होत नाही. शेताचा पाट तुंबला तर आपण काय करतो? दुसऱ्या चारीचं पाणी वळवून घेतो. बाईंनी तेच सुचवलं: फुफ्फुसाकडे आणखी रक्त नेता येईल का?

सुचवणं सोपं. वळवायचं कसं, ते थॉमस यांनी शोधलं. जवळजवळ दोन वर्षं त्यांनी कुत्र्यांवर प्रयोग केले. (हे ऐकून कोणाला वाईट वाटेल, मलाही वाटतं. त्यांतून वाचलेल्या अॅना नावाच्या कुत्रीचं चित्र पुढं त्या रुग्णालयात लावलं गेलं.) आधी रोग्यासारखी अवस्था निर्माण करायची, मग हाताकडे जाणारी रक्तवाहिनी फुफ्फुसाच्या रक्तवाहिनीला जोडायची. तान्ह्या बाळाच्या रक्तवाहिन्या किती बारीक! त्यांना साजतील अशी हत्यारं मिळत नव्हती. थॉमस यांनी सुया आखूड करून पुन्हा टोकं काढली, चिमटे बदलून घेतले. सुताराचा हात इथं कामाला आला, असं मी म्हणतो.

29 नोव्हेंबर 1944. पंधरा महिन्यांची आयलीन नावाची मुलगी, वजन चार किलोच्या आसपास. मेजावर शस्त्र हातात घेऊन ब्लेलॉक उभे. ही क्रिया त्यांनी स्वतः एकदाच केली होती, तीही थॉमस यांच्या हाताखाली, कुत्र्यावर. म्हणून त्यांनी आग्रहच धरला, थॉमस खोलीत पाहिजेत. थॉमस त्यांच्या पाठीमागे एका घडवंचीवर उभे राहून खांद्यावरून बघत होते. छेद एवढा पुरे का, टाका बरोबर दिशेनं पडतो आहे ना, हे सगळं ब्लेलॉक विचारत आणि थॉमस सांगत. जगातल्या एका मोठ्या रुग्णालयाचा प्रमुख आपल्या मदतनिसाला, सर्वांच्या देखत, विचारतो आहे! असं विचारायला मोठं मन लागतं, हे शिक्षक बंधु-भगिनींना सांगायला नको. आयलीन त्या दिवशी वाचली. काही महिन्यांनी ती दगावली. पण वाट सापडली होती. वर्षभरात दोनशेहून अधिक मुलांवर ही शस्त्रक्रिया झाली.

1945 साली या शस्त्रक्रियेवरचा लेख छापून आला, त्यावर नावं दोघांची: ब्लेलॉक आणि टॉसिग. थॉमस यांचा उल्लेखही नाही. ज्या मोठ्या मनानं सर्वांसमोर विचारलं, त्याला छापील पानावर दोन शब्द लिहायला जमलं नाही. मला हे अजून उलगडलेलं नाही.

प्रयोगशाळेत मात्र तरुण डॉक्टर एकामागून एक त्यांच्याकडे शिकायला येत. पहिल्या शस्त्रक्रियेच्या वेळी खोलीत असलेले डेंटन कूली त्यांतलेच. 1969 साली माणसाच्या छातीत पहिलं संपूर्ण कृत्रिम हृदय बसवणारे ते हेच. थॉमस यांच्या हाताची एक हालचाल वाया जात नसे, म्हणून पाहणाऱ्याला सारं सोपं वाटे, असं कूली पुढं सांगत. 1946 साली थॉमस यांनी हृदयाच्या आतल्या पडद्याला छिद्र पाडण्याची युक्ती शोधली. काही दिवसांनी ब्लेलॉक यांनी ते काम तपासलं, छिद्राच्या कडेवरून बोट फिरवलं, आणि हे तर देवानंच घडवल्यासारखं दिसतं, अशा अर्थाचे उद्गार काढले.

दिवसा ज्यांना टाका शिकवला, त्यांनाच संध्याकाळी ब्लेलॉक यांच्या मेजवानीत पेले भरून द्यायचे, असंही थॉमस यांना करावं लागे. घरखर्चाला चार पैसे हवे असत. 1947 च्या सुमारास त्यांनी पुन्हा कॉलेजाची चौकशी केली. हिशेब केला तर डॉक्टर होईपर्यंत पन्नाशी गाठायची. तो विचार त्यांनी सोडून दिला.

ब्लेलॉक 1964 साली वारले. 1971 साली थॉमस यांच्या हाताखाली शिकलेल्या शस्त्रवैद्यांनी वर्गणी काढून त्यांचं तैलचित्र करवलं आणि ते ब्लेलॉक यांच्या चित्राशेजारी लावलं. 1976 साली विद्यापीठानं त्यांना सन्मान्य पदवी दिली. ती वैद्यकाची नव्हती, कायद्याची होती. तरी त्या दिवसापासून विद्यार्थ्यांना त्यांना उघडपणे डॉक्टर म्हणता आलं, आणि शस्त्रक्रियेचे शिक्षक म्हणून त्यांची रीतसर नेमणूकही झाली. वय तेव्हा पासष्ट वर्षं. शिकवणं मात्र तीस-पस्तीस वर्षं आधीच सुरू झालं होतं.

1985 च्या नोव्हेंबरात ते गेले. त्यांनी लिहिलेलं आत्मचरित्र त्यानंतर काही दिवसांनी छापून आलं.