देवालयाचे बाह्य लाकूडकाम

सुरतेच्या दक्षिणेस वसलेल्या सचिनच्या पूर्वेस डांगची सागवानी अरण्ये आणि पश्चिमेस डुमसचा समुद्र. उत्तम काष्ठ व त्यास जाचणारा दमट वारा, दोन्ही येथे शेजारी नांदतात.

सागाच्या बळाविषयी शंका नसावी. लवजी नसरवानजी वाडिया 1736 साली सुरतेहून मुंबईस गेले. त्यांच्या घराण्याने बांधलेली सागवानी ‘त्रिंकोमाली’ ही युद्धनौका 1817 साली पाण्यात उतरली, ती इंग्लंडातील हार्टलपूल येथे अद्याप तरंगत आहे. मग सभामंडपाचा खांब पायथ्याशीच का कुजावा?

कारण पाऊस नव्हे, तर साचून राहिलेली ओल. लाकडातील ओल 20 टक्क्यांहून अधिक काळ टिकली की बुरशी धरते. वाळवी जमिनीतून मातीचे बोगदे करीत वर चढते. जुने सुतार खांबाखाली दगडी तळखडा देत, तो याचसाठी. जीर्णोद्धाराच्या भरात त्याभोवती सिमेंट ओतले जाते आणि पाण्यास वाटच उरत नाही. ओल्या लाकडावर तैलरंगाचे थर चढविणे हीही तशीच हौस!

महाजनांनी वैशाखात, लाकूड पूर्ण सुकले असता, जवसाचे उकळलेले तेल पातळ हाताने मुरवावे. कापलेल्या टोकांना प्रथम, कारण पाणी तेथूनच अधिक शिरते. सागाचा बाहेरचा फिकट भाग लवकर किडतो. नव्या कामास गाभ्याचेच लाकूड घ्यावे. आणि पायथा कुजला म्हणून अवघा कोरीव खांब मोडीत काढू नये. कुजका भाग कापून तेथे पक्क्या सागाचा सांधा कुशल सुताराकडून बसवून घेता येतो.