‘रुळलं’ म्हणण्याआधी



 आजच्या संमेलनाच्या विषयपत्रिकेवर ‘बालविकास आणि मानसिक स्वास्थ्य’ असं लिहिलं आहे. मी मात्र एकाच शब्दाबद्दल बोलणार आहे. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात तो आपल्या सगळ्या अंगणवाडीताई-शिक्षिकांच्या तोंडी असतो : ‘रुळलं.’ मूल रडायचं थांबलं की आपण सुटकेचा श्वास टाकतो आणि म्हणतो, रुळलं हो एकदाचं.

माझ्या बालवाडीतल्या सुरुवातीच्या वर्षांत तीन वर्षांचा एक मुलगा आला. आई शेतमजुरीला जायची. पेरणीचे दिवस होते, पोचायला उशीर झाला की अर्धा रोज बुडायचा. मीच तिला सांगितलं, “तो खेळण्यांकडे बघतोय तोवर मागच्या दाराने निघ.” ती निघाली. त्याने वळून पाहिलं तर आई नाही. चार दिवस तो दाराची चौकट धरून रडला. पाचव्या दिवशी थांबला, आणि मी म्हटलं, रुळला.

पण मी नीट बघितलंच नव्हतं. तो चपलांच्या ढिगापाशी बसायचा, पिशवीचा बंद मुठीत घट्ट धरून. खाऊ पुढे केला तर घ्यायचा, पण खायचा नाही. शू लागली तरी सांगायचा नाही, चड्डी ओली व्हायची आणि तो तसाच बसून राहायचा. दुपारी आई आली की बाकीची पोरं धावत सुटायची. हा भिंतीकडे तोंड करायचा. आई बिचारी हसून म्हणायची, “बघा बाई, आता घरीसुद्धा यायला नको याला!” मीही हसले होते. त्या हसण्याची आठवण आजही मला बोचते.

त्या भिंतीकडे वळलेल्या तोंडाचा अर्थ मला पुढे कितीतरी वर्षांनी कळला. इंग्लंडमध्ये 1950 च्या सुमारास इस्पितळात दाखल केलेल्या मुलांना आईवडिलांची भेट ठरल्या वेळी, फार थोडी मिळायची. मूल पहिल्यांदा आकांत करतं, मग गप्प होतं, आणि ते गप्प झालं की परिचारिका त्याला शहाणं म्हणतात, हे जेम्स रॉबर्टसन यांनी पाहिलं. बालमानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बींबरोबर ते काम करत होते. 1952 मध्ये त्यांनी अडीच वर्षांच्याही आतल्या एका मुलीच्या इस्पितळातल्या आठ दिवसांचा चित्रपट केला. ती मुलगी फारशी रडत नाही. ती स्वतःला आवरून धरते, आणि तेच बघवत नाही. डॉक्टरमंडळी त्या चित्रपटावर चिडली होती. पण इस्पितळातल्या मुलांचा विचार करणाऱ्या 1959 च्या प्लॅट समितीने आईवडिलांना भेटीची मोकळीक द्या अशी शिफारस केली, त्यामागे या कामाचा मोठा हात होता. आकांत, मग हताशपणा, मग तुटलेपण : या तीन पायऱ्या रॉबर्टसन आणि बोल्बींनी मांडल्या. माझा तो मुलगा तिसऱ्या पायरीवर उभा होता, आणि मी त्याला रुळला म्हणत होते.

आपल्या भाषेत गप्प मुलाचं कौतुक फार. गुणी आहे, शहाणं आहे, त्रास देत नाही, बसवलं तिथे बसतं. शब्द सगळे मायेचेच आहेत. पण त्रास द्यायचं सोडून दिलेलं मूल कधी कधी मागायचंही सोडून देतं, आणि तिथे आपण सावध व्हायला हवं. हट्ट करणाऱ्या, पदर ओढणाऱ्या, “ताई, हा मला मारतो” म्हणून शंभरदा येणाऱ्या मुलाची मला तेवढी काळजी वाटत नाही. आपल्या बोलण्याला कुणीतरी उत्तर देईल, हा विश्वास त्याच्यापाशी शाबूत आहे.

हा विश्वास किती लवकर ढळतो, ते मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक यांनी सत्तरच्या दशकात दाखवलं. आईने काही महिन्यांच्या तान्ह्यासमोर दोनतीन मिनिटं चेहरा नुसता निर्विकार ठेवायचा, एवढाच प्रयोग. बाळ हसतं, हुंकारतं, हात पुढे करतं, आणि काहीच परत येत नाही असं दिसलं की मान फिरवतं. मैत्रिणींनो, ही मुलं अंगणवाडीत येतात तेव्हा त्यांना आपला चेहरा कसा दिसतो? वजनं घ्यायची, उंची मोजायची, मोबाइलवरच्या पोषण ट्रॅकरमध्ये नोंदी भरायच्या, शिधा वाटायचा, वर सर्वेक्षणं. मूल चित्र दाखवायला येतं आणि ताईची नजर मोबाइलवर. यात ताईला मी दोष देत नाही. 1975 मध्ये अंगणवाड्यांची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, त्यात शालापूर्व शिक्षण पहिल्यापासून होतं. पण जे तराजूत मोजता येतं त्याचा जाब विचारला जातो, आणि मुलाशी घालवलेली दहा निवांत मिनिटं कोणत्याच रकान्यात बसत नाहीत.

आधी मुलाकडे बघायचं, ही गोष्ट आपल्याकडे कुणाला कळली नव्हती असं नाही. बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक 1945 मध्ये बोर्डीला आल्या, अनुताई वाघ त्यांच्याबरोबर आल्या, 1957 मध्ये काम कोसबादच्या टेकडीवर गेलं. आदिवासी पाड्यावरचं मूल शाळेत येत नव्हतं. त्याला आळशी न म्हणता, ते आत्ता कुठे असतं, असं या दोघींनी विचारलं. ते गुरांमागे कुरणात होतं, म्हणून कुरणशाळा निघाली. पाड्यातल्या अंगणात होतं, म्हणून बालवाडी अंगणात गेली. आणि मोठ्या मुलीच्या कडेवर धाकटं भावंड होतं, म्हणून विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकाच आवारात आली. मला या शेवटच्या गोष्टीचं सर्वांत जास्त अप्रूप वाटतं. आठ वर्षांची मुलगी अक्षर गिरवते आहे आणि धाकटा हाकेच्या अंतरावर आहे, हे तिला ठाऊक आहे. मानसिक स्वास्थ्य हा शब्द तेव्हा कुणी उच्चारतही नसेल.

दुपारच्या सत्रात एक ठराव येणार आहे. त्याच्या बाजूने तुम्ही हात वर करावेत, अशी माझी कळकळीची विनंती आहे. नव्या मुलांच्या पहिल्या पंधरा दिवसांत ताईकडे नोंदींचं आणि सर्वेक्षणाचं कोणतंही जादा काम नको. आई, आजी, कुणीही घरचं माणूस त्या दिवसांत आत बसू शकेल. ते माणूस निघताना मुलाला सांगून, तोंड दाखवून निघेल, मग मूल कितीही रडो. रडलं तर ताई त्याला उचलून घेईल. आणि ज्या आईचा रोज बुडतो, तिच्यासाठी ग्रामपंचायतीने काय करायचं, यावर सत्रात मोकळेपणी बोला. तिथे माझ्याकडे तयार उत्तर नाही, आणि चपलांपाशी बसणाऱ्या माझ्या त्या मुलाची आई तर एक दिवससुद्धा थांबू शकली नसती.

त्या मुलाचं पुढे काय झालं, तेवढं सांगते. आमच्या मदतनीस मावशींनी त्याला उचललं, मी नाही. त्या तांदूळ निवडायला बसत आणि त्याला शेजारी घेत. बोलत काही नसत, नुसते चार दाणे त्याच्या पुढ्यात सरकवत. दिवाळीच्या आधी एका दुपारी आई आली, तेव्हा तो उठला, धावत गेला, आणि तिच्या पायांवर दोन्ही हातांनी मारत सुटला. आई घाबरून माझ्याकडे बघत होती. मावशी मात्र सूप बाजूला ठेवून म्हणाल्या, “मारू दे गं. आत्ता कुठे आला तो.”