गुपित कोणापासून?



राज्यकारभार म्हटला की थोडीफार गुप्तता आलीच. आपले सैन्य कोणत्या खिंडीतून जाणार, हे कोणी दवंडी पिटून सांगत नाही. जनावरांच्या बाजारात रुमालाखाली बोटे धरून भाव ठरतो, तो भोवतीच्या बघ्यांना कळत नाही. पण ज्याचा बैल आहे त्याला तर कळतो ना? त्याच्याच नकळत त्याचा बैल विकला, तर त्याला आपण व्यवहार म्हणत नाही. परराष्ट्र धोरणातली गुप्तताही याच मापाने मोजावी. परक्यापासून लपवणे वेगळे आणि आपल्याच माणसांपासून लपवणे वेगळे. हा फरक विसरला म्हणजे काय होते, ते १९५६ सालच्या सुवेझच्या प्रकरणात स्पष्ट दिसते.

सुवेझचा कालवा आहे इजिप्तच्या भूमीवर. १८६९ साली तो खुला झाला आणि मुंबईहून विलायतेला जाणाऱ्या बोटींचा आफ्रिकेला घातलेला वळसा वाचला. पण कालवा चालवणारी कंपनी होती परक्यांची. तिचे शेअर मुख्यतः इंग्रज सरकारच्या आणि फ्रेंच भांडवलदारांच्या हाती होते. २६ जुलै १९५६ रोजी इजिप्तचे अध्यक्ष नासर यांनी ही कंपनी राष्ट्राच्या मालकीची केली आणि भागधारकांना भरपाई देण्याचे जाहीर केले.

लंडन आणि पॅरिसमध्ये संतापाची लाट उसळली. युरोपला लागणारे तेल याच वाटेने येत होते. शिवाय नासर अल्जीरियातील बंडखोरांना मदत करतात म्हणून फ्रान्सचा त्यांच्यावर राग होता. सरहद्दीवरच्या चकमकींमुळे आणि समुद्रातील वाट अडवल्यामुळे इस्राएलही चिडलेले होते. इंग्लंडचे पंतप्रधान सर अँथनी ईडन यांना नासर यांचा पाडाव हवा होता. पण चढाई करायची तर जगाला सांगण्याजोगे कारण हवे, आणि तेच हाती नव्हते.

ते कारण घडवण्यात आले. २२ ते २४ ऑक्टोबर या तीन दिवसांत, पॅरिसजवळ सेव्र येथील एका बंगल्यात, तिन्ही देशांची माणसे गुपचूप जमली. इस्राएलचे पंतप्रधान बेन गुरियन स्वतः आले होते. इंग्लंडचे परराष्ट्रमंत्री सेल्विन लॉइडही पहिल्या दिवशी येऊन गेले. ठरले ते असे : इस्राएलने इजिप्तवर हल्ला करावा. मग इंग्लंड व फ्रान्स यांनी दोघांनाही मागे हटण्याचा निर्वाणीचा इशारा द्यावा. इजिप्त तो मानणार नाहीच. मग कालव्याच्या रक्षणाचे निमित्त करून आपल्या फौजा उतरवाव्यात. हे सारे फ्रेंच भाषेत टंकलिखित झाले आणि त्यावर सह्या झाल्या. इंग्लंडच्या वतीने सही केली ती पॅट्रिक डीन या अधिकाऱ्याने.

आता याला आपल्याकडचा दाखला घ्या. एखाद्याने शेजाऱ्याला दुसऱ्याचा बांध कोरायला लावावे, मारामारी जुंपली की काठी घेऊन सोडवायला धावावे, आणि वर म्हणावे, “तुम्ही दोघेही दूर व्हा, जमीन मी सांभाळतो!” सुवेझला हुबेहूब असेच झाले. २९ ऑक्टोबरला इस्राएलने हल्ला केला. ३० तारखेला इशारा आला की दोन्ही सैन्यांनी कालव्यापासून दहा मैल मागे हटावे. गंमत अशी, की इस्राएलचे सैन्य कालव्यापासून अजून पुष्कळ दूर होते. म्हणजे चढाई करणाऱ्याला पुढे सरकायची मुभा आणि घरमालकाला स्वतःच्याच भूमीवरून मागे हटण्याचा हुकूम! जाणत्यांना तेव्हाच संशय आला. पण ३१ तारखेला विमानांतून बाँब पडू लागले, आणि ५ नोव्हेंबरला छत्रीधारी सैनिक उतरले. पोर्ट सैद शहरात शेकडो नागरिक प्राणांस मुकले.

साधले काय? इजिप्तने जहाजे बुडवून कालवा अडवला. जी वाट मोकळी राहावी म्हणून एवढा खटाटोप केला, ती एप्रिल १९५७ पर्यंत बंद राहिली. इंग्लंडात पेट्रोलचे रेशनिंग करावे लागले. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत युद्धबंदीचा ठराव ६४ विरुद्ध ५ मतांनी संमत झाला. अमेरिकेला या मसलतीची कल्पना दिलेली नव्हती. पौंड घसरू लागला तेव्हा तिने मदतीचा हात आखडता घेतला. ६ नोव्हेंबरला लढाई थांबवावी लागली. नासर जागच्या जागी राहिले आणि जानेवारी १९५७ मध्ये ईडन यांनाच पायउतार व्हावे लागले. भारताने या चढाईचा निषेध केला होता. पुढे शांतिसेनेतून गेलेले आपले जवान गाझाच्या वाळूत १९६७ पर्यंत पहारा देत राहिले.

हे गुपित लपवले कोणापासून? नासर यांच्यापासून तर लपवलेच, पण कैरोतील इंग्रज राजदूतालाही त्याचा पत्ता नव्हता. परराष्ट्र खात्याच्या कायदेपंडितांना दूर ठेवले होते. सगळ्या मंत्र्यांनाही पुरते चित्र दाखवलेले नव्हते. म्हणजे “अमेरिका काय म्हणेल? पौंडाचे काय होईल? कालवा बुजवला तर?” हे प्रश्न जे वेळेवर विचारू शकले असते, तेच दाराबाहेर राहिले. आंधळ्या गुप्ततेचे पहिले नुकसान हे, की शत्रूबरोबर शहाणा सल्लाही बाहेर राहतो.

दुसरे नुकसान असत्याचे. एक खोटे सांभाळायला दुसरे बोलावे लागते. २० डिसेंबर १९५६ रोजी ईडन यांनी पार्लमेंटात सांगितले, की इस्राएल हल्ला करणार हे आम्हांला आधी ठाऊक नव्हते. त्यांच्याच अधिकाऱ्याची सही करारावर होती!

तो कागद नाहीसा करण्याची खटपटही झाली होती. सही झाल्याचे कळताच ईडन अस्वस्थ झाले. इंग्लंडची प्रत जाळण्यात आली. उरलेल्या प्रतीही नष्ट कराव्यात, हे सांगायला डीन आणि लोगन या अधिकाऱ्यांना पुन्हा पॅरिसला धाडले. ते रिकाम्या हातांनी परतले. बेन गुरियन यांनी आपली प्रत जपून ठेवली होती. कोंबडे झाकले तरी तांबडे फुटायचे राहत नाही. १९६७ साली, सुवेझवरून राजीनामा दिलेले मंत्री अँथनी नटिंग यांनी पुस्तक लिहून ही मसलत उघडी केली. १९९६ साली, म्हणजे तब्बल चाळीस वर्षांनी, करारच जगापुढे आला.

आपल्याकडे २००५ च्या माहितीच्या अधिकाराने ग्रामपंचायतीचे दप्तर तुम्हांला पाहता येते. देशाची सुरक्षितता आणि परराष्ट्रांशी संबंध यांना बाध आणणारी माहिती मात्र त्या कायद्याने राखून ठेवली आहे. ते वाजवीच आहे. पण लोकहिताचे पारडे जड असेल तर तीही देता येते, अशी तरतूद त्याच कायद्यात आहे. हे दुसरे कलमही शिक्षकांनी मुलांना जरूर सांगावे.

आणि सुवेझचा धडा शिकवताना सनावळीबरोबर तीन प्रश्न फळ्यावर लिहावेत. गुपित कोणापासून राखले? किती काळ राखले? आणि ते राखण्यासाठी आपल्याच लोकांना खोटे सांगावे लागले काय? फौज कोठे उतरणार हे ईडन यांनी सांगितले नसते, तर त्यांना कोणी बोल लावला नसता. त्यांनी युद्धाचे कारणच खोटे सांगितले. ज्यांची मुले लढायला जातात, त्यांना ती कशासाठी जातात हे खरे कळलेच पाहिजे. तेवढे गुपित कोणत्याही सरकारच्या मालकीचे नसते.